काठावर पास

"कशा आहात?" असं कुणी विचारलं, तर आपण "बरी आहे" म्हणतो आणि पुढं चालू लागतो. विचारणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. आमच्या गणिताच्या मॅडम मात्र थांबायच्या. हातातली खडूची डबी टेबलावर ठेवायच्या, खालचा ओठ दातांत धरायच्या आणि खरोखरच विचार करायच्या. मग म्हणायच्या, "आज पस्तीस. काठावर पास."

कधी बेचाळीस असायचे. एखाद्या सोमवारी "आज नापास हाय मी. उद्या बघूया की" असं म्हणून त्या तासाला निघून जायच्या. शाळेत तरी पन्नाशीच्या वर त्यांचे मार्क गेलेले मला आठवत नाहीत. नवीन लागलेल्या शिक्षकांना तो विनोद वाटायचा. ते हसायचे आणि मॅडम त्यांना हसू द्यायच्या. मलाही तो विनोदच वाटत होता. तसं नव्हतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळल्यावर त्या माहितीचा मी जो उपयोग केला, तो सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल लिहिण्यात काही अर्थ नाही.

अशी बाई तुमच्याही कचेरीत किंवा शाळेत असेल. ठेंगणी, किरकोळ, धुऊन धुऊन रंग उतरलेल्या सुती साड्या नेसणारी, व्हरांड्यातून भिंतीच्या कडेकडेनं चालणारी. त्यांचं टेबल स्टाफरूमच्या कोपऱ्यात, खिडकीकडं तोंड करून. म्हणजे आमच्याकडं पाठ. डबाही तिथंच, तसाच पाठमोरा. गाव निपाणीकडचं. लग्न केलेलं नव्हतं. आई-वडील गेल्यावर फुलेवाडीत, आमच्या मागच्याच गल्लीत, दोन खोल्या घेऊन एकट्या राहत होत्या. लोक त्यांच्या गप्पपणाची कारणं शोधायचे. कुणी म्हणे लग्न मोडलं असणार, कुणी म्हणे भावानं शेतात फसवलं असणार. तसं काही नव्हतं, पण कारण सापडल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही.

आणि मी? मी मराठी शिकवते. माझं टेबल दाराजवळ. आल्यागेल्याला माझ्याशी बोलल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. निरोप समारंभाचं भाषण माझं, सहलीच्या बसमधल्या नकला माझ्या, नव्या सुनेला उखाणा सुचवायला हाक मला. "मॅडम आल्या, आता मजा" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला माझं आडनावच वाटायचं.

गणिताच्या मॅडमची कीव करायला मला आवडायचं. सणाच्या दिवशी मी त्यांना पुरणपोळी नेऊन द्यायचे आणि परत येताना माझं घर मला जरा जास्तच भरलेलं वाटायचं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणायचे, "एकट्याच असतात हो बिचाऱ्या." 

मग साथ आली त्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या.

पहिले आठ दिवस मी सगळ्यांना फोन करून हसवलं. नवव्या दिवशी कुणाला फोन करायचा हे सुचेना. मुलगी बंगळूरला नोकरीला, ती तिथंच अडकली. नवरा शिरोलीतल्या फाउंड्रीत. कारखाना बंद, म्हणून तोही घरात. भाजी मिठाच्या पाण्यात धुवायची, दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायच्या, आणि बाहेरच्या रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की ती कुणाच्या दारात थांबते याचा कानानं माग घ्यायचा.

ऑनलाइन तास सुरू झाले तेव्हा मी इस्त्रीची साडी नेसून मोबाईलपुढं बसले. समोर चाळीसेक काळे चौकोन. धडा विनोदी होता. ज्या जागेवर दरवर्षी वर्ग हसून लोळतो, त्या जागेवर मी आले, थांबले. काहीच आवाज आला नाही. सगळ्यांचे माईक बंद. थोड्या वेळानं एका चौकोनातून लिहून आलं, "मॅडम, आवाज तुटतोय."

मी तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा बंद करून गाऊनवरच शिकवायला लागले. पाचव्या आठवड्यात धड्याचा फोटो पाठवून "वाचा आणि उत्तरं लिहा" एवढंच. केस विंचरायचे राहायला लागले. चहा पुढ्यात असायचा आणि त्यावर साय धरायची. मुलीचा संध्याकाळचा फोन मी दोन मिनिटांत आवरता घ्यायचे, कारण तिला ऐकवायला माझ्याकडं आवाजच उरत नसे. नवरा विचारायचा, "काय व्हतंय तुला?" मी म्हणायचे, "कुठं काय." एका दुपारी फ्लॉवर धुता धुता मला इतकं रडू आलं की नळ तसाच सोडून मी ओट्याखाली बसले. फ्लॉवरवर रडण्यासारखं काय असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणि त्याच दिवसांत पालकांच्या ग्रुपवर गणिताच्या मॅडमची स्तुती यायला लागली.

त्यांनी स्टूल उलटं करून टेबलावर ठेवलं होतं. त्याच्या चार पायांना परकराच्या नाड्या बांधून मधोमध मोबाईल पालथा टांगला होता. खाली कोरा कागद. मुलांना दिसायचा तो कागद आणि मॅडमचा हात. बाकी काही नाही. एका आईनं लिहिलं, "आमचा मुलगा गणिताच्या तासाला हसतो, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं." दुसऱ्या एका बापानं लिहिलं, "मॅडम, शेजारच्या शाळेतली दोन पोरं बसवली तर चालेल का?" बघता बघता तासाला इतर शाळांची पोरं यायला लागली, कळे-साळवणकडची खेड्यातलीसुद्धा. हेडमास्तरांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली.

मी ते सगळं वाचायचे आणि मोबाईल उशीखाली सारायचे. ही बाई, जिला आयुष्यात कुणी टाळी दिली नाही, ती मुलांना हसवते? आणि मी ओट्याखाली बसते?

शेवटी मी त्या तासाला चोरून गेले. नाव काय लावायचं हा प्रश्न सोपा होता. निम्म्या पोरांच्या मोबाईलवर "आईचा मोबाईल" असंच नाव यायचं. मीही तेच लावलं आणि त्या गर्दीत शिरले.

तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. खडा, मोकळा, निपाणीकडचा. "आईचा मोबाईल नंबर सात, कुठं हायस रं? शेळी बांधून आलास का? मग आता ही क्ष बांध बघू कंसात." माईक उघडून पोरं हसत होती. ज्यासाठी मी तीन आठवडे तडफडले, ते हसणं तिथं फुकट सांडत होतं. कागदावरचा तो बारका हात आकडे काढता काढता मध्येच एका मांजराचं चित्र काढायचा, त्याला शेपटी म्हणून वर्गमुळाचं चिन्ह लावायचा.

"आता जो नवीन आईचा मोबाईल आलाय, त्यानं सांगायचं. क्षची किंमत काय?"

मी घाईघाईनं फोनच बंद केला. गणितात मी शाळेतही कच्ची होते.

तरी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्याही. दोन आठवडे मी रोज दहा वाजता, आंघोळ न करता, पारोशी बसून दुसऱ्या बाईचं सुख ऐकत होते. ते ऐकून मला बरं वाटत होतं असं म्हणायला आवडलं असतं. मला जळायला होत होतं. जळणं तेवढं जाणवत होतं, बाकी अंग सगळं बधिर.

जूनमध्ये नवऱ्याला कारखान्याचा पास मिळाला आणि तो कामावर जायला लागला. एका सकाळी भाजीच्या गाड्यावर त्याला मॅडम भेटल्या. त्यानं काय सांगितलं कोण जाणे. तासाभरानं फाटक वाजलं. मास्क लावलेल्या, छत्री टेकवून उभ्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, फाटकाच्या पलीकडंच थांबल्या.

"किती पडले आज?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे हो," मी म्हटलं.

"ते न्हाय विचारलं. मार्क किती?"

मी फाटकाच्या कडीकडं बघत राहिले. त्या थांबल्या. फळ्यावर गणित घालून मुलाच्या उत्तराची वाट बघतात तशा, अजिबात घाई न करता.

"सात," मी म्हटलं. हा आकडा कुठून आला मला माहीत नाही. मी पायरीवर बसले आणि रडले. गल्लीतून दूधवाला गेला, त्यानं मान वळवली. मॅडमनी छत्री उघडून फाटकावर आडवी धरली, म्हणजे मी कुणाला दिसू नये.

"अक्का," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला मॅडमच म्हणायच्या. "या गावात मी लई वर्सं राहतो. तुम्ही आत्ता आलायसा. घाबरू नगासा. मला हितले गल्लीबोळ माहीत हायत."

आमच्याकडच्या बायका "मी राहतो, मी येतो" असंच बोलतात. पण त्या दिवशी ते "मी राहतो" मला एखाद्या थोरल्या भावानं म्हटल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी सांगितलं. नऊ वर्षं त्या मनाच्या आजारावर गोळ्या घेत होत्या. डॉक्टर दर दोन महिन्यांनी बघायचे. "लोकांना वाटतंय मी घुमी हाय. घुमी न्हाय, आजारी हाय. बीपीवाल्याला कोण घुमा म्हणतंय का?" आणि मग, गणिताच्या पायऱ्या सांगाव्यात तशा: "चहा झाला की परत अंथरुणात जायचं न्हाय. काय बी होऊ दे, जायचं न्हाय. दहाच्या आत आंघोळ. एक भाजी चिरायची. बास, त्या दिवसाचं झालं. जास्त काय करायला बघू नका. आणि डॉक्टरकडं जायचं, मी घिऊन जातो."

त्या क्षणी मला त्यांचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. मी विचारलं, "मग तुम्ही आता एवढ्या मजेत कशा?" विचारताना माझाच आवाज मला आंबट लागला.

त्यांनी ओठ दातांत धरला असावा, मास्क जरा हलला. "मला बी कळंना झालंय," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा असं झालंय की समदी दुनिया माझ्या चालीनं चाललीया. मला कुणाच्या मागं पळावं लागंना. माझं तोंड कुणाला दाखवावं लागंना. काल मला अडुसष्ट पडले, अक्का. लाज वाटती सांगायला. लोकं मरालीत, आणि मला अडुसष्ट."

रात्री जेवताना नवऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "देवमाणूस हाय बाई." चोवीस वर्षांच्या संसारात त्यानं मला सुगरण म्हटलं होतं, बोलकी म्हटलं होतं, देवमाणूस म्हटलं नव्हतं. मी ताटातला भात तसाच ठेवून उठले.

त्या मला रिक्षातून डॉक्टरकडं घेऊन गेल्या आणि मी आत असताना बाहेरच्या पायरीवर बसून राहिल्या. डॉक्टर चांगले होते. त्यांनी घाई केली नाही, हसलेही नाहीत. निघताना म्हणाले, "मॅडम सोबत आहेत ना? मग मला काळजी नाही." म्हणजे इथंही त्याच. माझं दुःख तरी माझं असावं, त्यात तरी मला पहिला नंबर मिळावा. तर तिथंही ही बाई माझ्या नऊ वर्षं पुढं. तिचं दुःख नाव असलेलं, फाईल असलेलं, शिस्तीतलं. माझं आपलं फ्लॉवरवर रडणारं.

रोज सकाळी त्यांचा मेसेज यायचा. नुसतं प्रश्नचिन्ह. मी आकडा पाठवायचे. नऊ. बारा. परत आठ. दीड महिन्यानं एकवीस. गणपतीच्या सुमाराला पहिल्यांदा तेहतीस पडले, आणि त्यांनी उत्तर पाठवलं, "दोन ग्रेस मार्क दिले. पास." मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. मग लगेच मनात आलं, यांचे आज किती असतील? सत्तर? पंचाहत्तर? आणि ते हसू गेलं.

हिवाळ्यात शाळा उघडायच्या बातम्या सुरू झाल्या. त्याच वेळी आमचे पर्यवेक्षक निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेत पहिल्या गणिताच्या मॅडम, त्यांच्यानंतर मी. वयानं मी मोठी, पण त्या माझ्याआधी वर्षभर लागलेल्या. एका सकाळी हेडमास्तरांचा फोन आला. मी मेथी निवडत होते.

"तुम्ही शेजारी राहता म्हणून विचारतो," ते म्हणाले. "ऑनलाइनचं काम त्यांनी उत्तम केलं. पण पर्यवेक्षक म्हणजे माणसांशी गाठ. झेपेल का त्यांना?"

मला "झेपेल" एवढा एकच शब्द बोलायचा होता.

मी आवाज अगदी मऊ केला. म्हटलं, "हुशारीचा प्रश्नच नाही, सर. पण तुम्हाला म्हणून सांगते, त्यांना गोळ्या चालू आहेत. डोक्याच्या. नऊ वर्षं झाली. मला आपली काळजी वाटते, जबाबदारीनं त्रास नको व्हायला."

मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

माझ्यासमोर, मेथीच्या काड्यांच्या ढिगाशेजारी, माझ्या गोळ्यांची पट्टी पडली होती. त्याच डॉक्टरांनी लिहून दिलेली. तीन गोळ्या उरल्या होत्या. मी ती उचलली आणि फळीवरच्या डब्यामागं ठेवली, जणू हेडमास्तरांना फोनमधून दिसेल.

शाळा उघडली आणि मी पंधरा दिवसांत उभी राहिले. घंटा, पोरांचा कालवा, प्रार्थनेच्या वेळचा ध्वनिक्षेपक, स्टाफरूममधला चहा. कोरड्या कुंडीत पाणी घातल्यासारखं झालं. मास्कमधूनही मी लोकांना हसवलं. आणि मला पर्यवेक्षकाची खुर्ची मिळाली. मॅडमनी नकारपत्र लिहून दिलं होतं, "प्रकृतीच्या कारणास्तव". हेडमास्तरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन, चहा पाजून ते लिहून घेतलं होतं.

त्यांचं मात्र उलटं सुरू झालं. जसजशी शाळा भरत गेली तसतशा त्या रिकाम्या होत गेल्या. वर्गात साठ पोरं, साठ तोंडं. जी पोरं मोबाईलवर त्यांच्याशी मोकळी होती, ती समोर आल्यावर त्यांना नुसत्या हाताची सवय असल्यामुळं बुजली. भिंतीच्या कडेनं चालणं परत आलं. कुणी विचारलं तर अठ्ठावीस, चोवीस. मग विचारायचेच बंद झाले सगळे, कारण बातमी पसरली होती. लोक त्यांच्याशी हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसे. कुणीतरी खिडकीजवळचं टेबल हलवून मध्ये आणलं, "एकटं बसू नये" म्हणून. त्यांचा डबा आता सगळ्यांच्या नजरेसमोर उघडायचा. त्यांनी डबा आणणं सोडलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शाळा सुटल्यावर त्या माझ्या नव्या खोलीच्या दारात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"सरांना तुम्ही सांगितलासा?"

"काळजीपोटी सांगितलं हो मी," मी म्हटलं. "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"माझ्या गोळ्यांचं सांगितलासा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या?"

बाहेर शिपाई वर्गांना कुलपं लावत होता. एकेक कडी वाजत होती. मी टेबलावरचं वेळापत्रक सरळ केलं, परत वाकडं केलं.

"मी कुणाला बोललो न्हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "बोलणार बी न्हाय. तेवढं मनातनं काढा." आणि गेल्या.

त्या ओरडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मी त्यांची परत कीव करू शकले असते. तेवढीही जागा त्यांनी मला ठेवली नाही. माझं गुपित त्यांच्याकडं सुरक्षित होतं, आणि ते तसं राहणार हे मला ठाऊक होतं. याचाही मला हेवाच वाटला. तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावरही? हो. एवढं झाल्यावर जास्तच. इतकं हातात असून हात न उचलणं मला जन्मात जमलं नसतं.

आमच्या संस्थेची एक लहान शाखा गगनबावड्याला आहे. तिथं जायला कुणी तयार नसतं. पाऊस इतका की धुतलेले कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत, आणि एका वर्गात जेमतेम पंधरा पोरं. मॅडमनी स्वतः अर्ज करून तिथं बदली मागून घेतली. संस्थेला ते सोयीचंच होतं. निरोप समारंभ नको असं त्यांनी कळवलं. तरी हेडमास्तर मला म्हणाले, "तुम्ही चार शब्द बोलाच." मी म्हटलं, घसा बसलाय. निरोपाचं भाषण मी टाळलं ते आयुष्यात तेवढं एकदाच.

जूनमध्ये त्या गेल्या. फुलेवाडीच्या नाक्यावर, गगनबावड्याच्या एस.टी.च्या थांब्यावर, दोन पिशव्या आणि ते स्टूल घेऊन त्या उभ्या होत्या, तेव्हा माझ्या नवऱ्याला दिसल्या. त्यानं स्टूल बसमध्ये चढवून दिलं. घरी येऊन त्यानं मला एवढंच सांगितलं. त्याला सगळं माहीत होतं की नव्हतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

रोज सकाळचं प्रश्नचिन्ह तर फेब्रुवारीपासूनच बंद झालं होतं.

त्यानंतर दोन वर्षं गेली. माझ्या गोळ्या चालूच होत्या, कमी झाल्या होत्या. एकदा नवीन लागलेल्या इंग्रजीच्या एका मॅडमबद्दल हेडमास्तर म्हणाले, "त्यांना दहावी नको द्यायला. गोळ्या चालू आहेत म्हणे." मी वेळापत्रकात त्यांचं नाव खोडायला पेन्सिल उचललीही होती.

"सर, मलाही चालू आहेत," मी म्हटलं. "गणिताच्या मॅडमबद्दल तुम्हाला सांगितलं ना, तेव्हाही चालू होत्या."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "असं होय," म्हणाले. आणि मग, "तब्येतीला जपा."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी गगनबावड्याच्या बसमध्ये बसले. कशाला जातेय हे धड माहीत नव्हतं. माफी मागायला म्हणावं तर माफीचं वाक्य तयार नव्हतं, आणि वाक्य तयार नसताना मी कुठं जात नाही. घाटमाथ्यावर धुकं इतकं की कंडक्टरनं "उतरा" म्हटलं म्हणून गाव आलं असं मानायचं. तिथली शाळा शनिवारी दुपारची असते. कौलारू इमारत, ओल्या भिंती. मॅडम व्हरांड्यातच होत्या, सात-आठ पोरांच्या मधे, उकिडव्या बसलेल्या, फरशीवर खडूनं काहीतरी काढत. केस पिकले होते. मला बघून उठल्या, हाताचा खडू पदराला पुसला आणि म्हणाल्या, "भिजलासा की वो."

त्यांनी स्टोव्हवर चहा केला. मी हेडमास्तरांना जे सांगितलं ते त्यांना सांगितलं. मध्ये मध्ये अडखळत, एकही नक्कल न करता.

"मग काय म्हणाले सर?"

"म्हणाले, तब्येतीला जपा."

त्या हसल्या. आवाज मी मोबाईलवर ऐकला होता, पण त्यांचं हसणारं तोंड मी पहिल्यांदाच बघत होते. एक दात जरा पुढं आहे त्यांचा. इतकी वर्षं एका खोलीत बसून मला ते माहीत नव्हतं.

"मला बी तेच म्हणाले हुते," त्या म्हणाल्या.

माफीचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. "मला वाईट वाटलं, अक्का. लई वाटलं. हितं आल्यावर पयला पावसाळा लई वाईट गेला, डॉक्टरना दोनदा गोळी वाढवावी लागली. ते न्हाय झालं असं मी म्हणणार न्हाय. पण आलासा ते बरं केलासा." मग उठून कप विसळायला लागल्या. तेवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

परतीची बस पाचची. त्या थांब्यापर्यंत पोचवायला आल्या. शाळा नुकतीच सुटली होती, त्यांची पोरं मागोमाग, कुणाची छत्री, कुणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं. बस लागलेलीच होती. मी चढले, खिडकीशी बसले, काच पुसली. मला वाटलं होतं, बस सुटेपर्यंत त्या उभ्या राहतील. पण पोरांचा घोळका त्यांची वाट बघत होता. रस्ता चढाचा, सगळ्यांची घरं त्याच वाटेवर. त्यांनी मला हात केला आणि वळल्या. दोन पोरींचं त्यांची पिशवी कुणी धरायची यावरून भांडण चाललं होतं. एका पोरीनं त्यांचा हात धरला, खडूनं पांढरा झालेला तोच बारका हात, आणि दुसरी पिशवी घेऊन पुढं पळाली. मॅडम रस्त्याच्या मधोमध चालत होत्या. वीसेक पावलांवर धुक्यानं आधी पोरं घेतली, मग त्यांना.

कंडक्टरनं "कुठं?" असं दोनदा विचारलं. मी काचेकडंच बघत होते. जिच्या हातात तो हात होता, त्या पोरीचा मला हेवा वाटत होता.